अष्टमीचा बेत

मचवे शिडावर चालायचे त्या काळची गोष्ट. उरणकडच्या आमच्या मिठागरांच्या गावांत माझ्या आत्याने लग्नघराची एक भिंत सोडली नव्हती. तांदळाच्या पिठाने ती भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिही, आणि तिचा चौक झाल्याशिवाय हळद लागत नसे. मग कुणीतरी तिला सांगितलं, मुंबईच्या अजबखान्यात चित्रं टांगलीत आणि ती बघायला जत्रेसारखी गर्दी लोटते. झालं! आत्याने ध्यासच घेतला. पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, हातभर अंतरावरचं तेवढं दिसे. गर्दीत मागे राहिली तर काहीच दिसणार नव्हतं, आणि पुढच्या वर्षी तर पुढे उभी राहूनही नाही.

म्हणून गर्दी नसलेला दिवस शोधायचा होता. माझ्या वडिलांनी बेत हाती घेतला, तेव्हाच मी ओळखलं की आता काही खरं नाही. रविवार मुंबईकरांच्या सुट्टीचा, तो बाद. सणवार बाद. "अष्टमीला जाव," ते शेवटी म्हणाले. अष्टमीला भरती हलकी, मिठागरात पाणी चढत नाही, हाताला काम नाही. एवढं सुचायला त्यांना महिना लागला, आणि तो महिनाभर आत्या पाणवठ्यावर, बाजारात, खाडीपलीकडे, भेटेल त्याला बेत सांगत सुटली.

अष्टमीला भाकऱ्या बांधून आम्ही निघालो. अजबखान्याच्या पायरीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती, आणि बघते तर सगळी आपलीच माणसं! आमचं मिठागर बंद तशी सगळ्यांचीच बंद, हे वडिलांच्या डोक्यात आलंच नव्हतं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते टोपी नीट करू लागले. आत्या टाचा उंचावून बघू लागली. तिच्यापुढे नुसत्या पाठी. मला रडूच आलं.

तेवढ्यात पुढची एक बाई वळली. "अगो, ही तं आपली चौकवाली बाय! वाट द्या रं, माझ्या लग्नाचा चौक हिनंच लिवलाय."

"माझ्या पन!"

"माझ्या पोरीचा पन!"

बघता बघता पायरीपासून आतल्या पहिल्या चित्रापर्यंत वाट झाली. आत्या चित्राला नाक टेकेल इतकी जवळ गेली आणि खूप वेळ बघत राहिली.

"हात बरा हाय," ती म्हणाली. "पर लिवनाऱ्यानं यवडं यकच लिवलं? याच्या गावात लग्नं व्हत न्हाय का?"

मी इतकी मोठ्याने हसले की पहारेकरी धावत आला. मग दर चित्रापुढे लोक आधी आत्याला उभं करीत, आणि ती काही बोलेपर्यंत कुणी पुढे सरकत नसे.