डावा कान

कंपनीच्या वार्षिक तपासणीला एक गाडी आली होती. तिच्या आत कानाच्या तपासणीसाठी फोनबूथसारखी बंद खोली होती. मला आत बसवलं, कानांना हेडफोन लावले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं.

उजव्या कानाचं झालं. मग बराच वेळ शांतता. डॉक्टरबाई काचेवर टकटक करून म्हणाल्या, "काका, बटण दाबा ना."

"वाजलं की दाबतो."

त्यांनी दार उघडलं. "अहो, केव्हाचं वाजतंय."

अठरा वर्षं मी पॉवर प्रेसवर होतो. पत्रा साच्यावर ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून ठोका पडायचा, पार्ट काढायचा. बाईंनी विचारलं, "कानात प्लग घालत होता ना?"

"हो," मी म्हणालो.

घालत होतो, पण एकच. मला काम शिकवणाऱ्या ऑपरेटरने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, साच्याकडचा कान मोकळा ठेव, पत्रा कापणारी धार गेली की ठोक्याचा आवाज बदलतो. साचा डाव्या हाताला होता. तो रिटायर होताना त्याच्याशी ओरडून बोलावं लागायचं, हेही मी पाहिलं होतं.

ऑफिसातल्या साहेबांनी बोलावून घेतलं. "आपण आता पॅकिंगला बसा. तिथं आवाज नाही." मी बरं म्हणालो आणि लॉकर रिकामा करायला गेलो.

दुपारी कंपनीच्या बसने मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर उतरलो आणि चालत बिबवेवाडीला घरी आलो. बायको मेथी निवडत होती. तिला रिपोर्ट दाखवला. तिने तो दोनदा वाचला.

"म्हणजे तुम्हाला खरंच ऐकू येत नव्हतं?"

"डाव्या बाजूचं नाही."

तिने रिपोर्टची घडी घातली. "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम उत्तर देत नाही. म्हणून मी बोलणंच कमी केलं. पाच-सहा वर्षं झाली असतील."

यावर काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. मग तिच्यासमोर बसून मेथी निवडू लागलो.

माझ्या प्रेसवर यवतमाळकडचा एक जण आला. महिन्याभराने तो पॅकिंगमध्ये मला शोधत आला. "भाऊ, आवाज बदलल्यासारखा वाटते. एकदा ऐकून पाहा ना." त्याचाही एक कान उघडा होता. त्यालाही कुणीतरी सांगितलं असणार.

मी त्याच्यासोबत गेलो. नुकताच निघालेला पार्ट उचलला, हातमोजा काढून कडेवरून अंगठा फिरवला. कड खरखरीत लागली. "धार गेलीय. साचा बदलायला सांग," मी म्हणालो. "आणि दोन्ही प्लग घाल. हे अंगठ्याला कळतं."

कळतंच. पार्ट तपासणारे दर तासाला असंच पाहून जायचे. अठरा वर्षं माझ्या डोळ्यांदेखत. तिथं उभं असताना हे लक्षात आलं. मी पार्ट ट्रेमध्ये ठेवला आणि परत जाऊन खोके चिकटवत बसलो.

घरी आता बायको माझ्या उजवीकडे बसते. अधूनमधून काहीतरी सांगते: गॅस संपत आलाय, वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत. मी उत्तर देतो. मग पुढे काय बोलायचं, ते दोघांनाही चटकन सुचत नाही.