चूलबंद आवतन

दादांच्या अंगावर बिनडागाचा सदरा मी लग्नाकार्यातच पाहिला होता. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग बसतो, मग माय कितीही आपटो. अर्धापूरच्या शिवारात दुसऱ्यांच्या केळी कापायच्या, घड खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायचे, यातच दादांचा जन्म गेला. माय खुरपायला जायची. या घरातून मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही मान वर करूनच सांगते.

त्या दिवशी तो बिनडागाचा सदरा घालून दादा फाट्यावर लातूरच्या गाडीची वाट पाहत होते आणि मी त्यांच्याशी भांडत होते. ‘गाडी कशाला? विमानतळ बांधायचाय मला इथं,’ असं मी मोठमोठ्यानं सांगत होते. मायनं माझा दंड घट्ट धरला होता. फाट्यावरचे लोक बघत होते. एकानं विचारलंच, ‘‘कुठं निघाले मामा?’’

‘‘पोरीला लातूरला नोकरी लागली,’’ दादा म्हणाले, जमिनीकडं बघत.

आदल्या दिवशी जे झालं ते लिहिताना हात अजून अडतो. आठवडाभर मी झोपलेच नव्हते म्हटलं तरी चालेल. थकवा कसला तो नव्हता. उलट डोक्यात असा लख्ख उजेड, की सगळं जग मलाच कळलंय. त्या भरात मी घरोघरी जाऊन गावाला आवतन देऊन आले. साधं नव्हे, चूलबंद. म्हणजे घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकरांपर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही. ‘मी युनिव्हर्सिटीत मोठी मॅडम झाले,’ असं सांगितलं. शिकलेल्या पोरीचा शब्द. कुणाला शंका आली नाही.

जेवणाच्या दिवशी माणसं आपापलं ताट-तांब्या घेऊन दारात आली. आमच्या डब्यात चार भाकरींचं पीठ होतं. माय दारातच बसली, पदर तोंडावर घेऊन. मी रस्त्यावर पोती अंथरून पंगत मांडत होते आणि भाषण देत होते. कुणीतरी दादांना बोलावून आणलं. ते तसेच चिकानं भरलेल्या कपड्यांनी आले आणि गल्लीत हात जोडून उभे राहिले. ‘‘पोरीला ऊन लागलंय. माफी करा.’’

‘‘ऊन न्हाई, कॉलेज लागलंय,’’ कुणीतरी बोललं. लोक हसले. एक म्हातारी मात्र चिडून म्हणाली, ‘‘हसता काय मेल्याहो! घरला चला, लेकरं उपाशी हायेत.’’

लोकांना वाटतं, अशा वेळचं आम्हाला काही आठवत नसेल. मला सगळं आठवतं. रिकामी ताटं घेऊन परतणाऱ्या बायांच्या पाठीसुद्धा.

नांदेड हाकेच्या अंतरावर. पण दादा म्हणाले, ‘‘नांदेडला न्हाई. तिथं गावचं माणूस सारखं भेटतंय.’’ म्हणून लातूर.

लातूरच्या डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मला भरती करून घेतलं. दादांनी एकच विचारलं, ‘‘बाई, आम्ही लई शिकवलं, त्यानं झालं का हे?’’

‘‘नाही मामा. शिकल्यानं होत नाही. आजार आहे, औषध आहे. गोळ्या आणि झोप सांभाळायची, पुन्हा असा जोर चढायला लागला तर वाट न बघता यायचं.’’

दादांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

उजेड उतरला आणि मग अंधार आला. लातुरातल्या भाड्याच्या खोलीत माय माझे केस विंचरायची आणि मी भिंतीकडं तोंड करून पडायचे. ‘‘ऊठ माय, दोन घास खा,’’ एवढंच ती म्हणायची. गोळ्यांनी हात थरथरायचे, तहान लागायची, ठरल्या वेळी रक्त तपासायचं. हळूहळू बसले, चालले. मग एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. रात्रीची बॅच घेणार नाही, असं सरांना सांगावं लागलं आणि कारणही. सर म्हणाले, ‘‘बरं झालं सांगितलंत मॅडम,’’ आणि वेळापत्रक बदलून दिलं.

म्हणजे दादांचं खोटं खरं झालं. पण गावी गेले की मी ‘नोकरीमुळं वेळच मिळत नाही’ म्हणत दुपारच्याच गाडीनं परत फिरायचे.

गेल्या वर्षी चुलतभाऊ बालाजीचा फोन आला. ‘‘अक्का, तुझी वहिनी झोपून न्हाई राहिली. सारखी बडबड. लोक म्हणतेत बाहेरचं हाय. तुला लातूरला ज्या डाक्टरनं बरं केलं, त्याचं नाव सांग.’’

‘‘मला काय झालं होतं?’’ मी चटकन म्हणाले.

‘‘अक्का, सगळ्या गावाला ठावं हाय. तुला वाईट वाटंल म्हणून कुणी बोलत न्हाई.’’

मी फोन धरून खाली बसले. मग म्हणाले, ‘‘लातूरला नको. नांदेड जवळ आहे, तिथंही डॉक्टर आहेत. आजच घेऊन निघ. मी येते.’’

दवाखान्याच्या बाकावर वहिनी माझा हात ओढत अखंड बोलत होती. समोरून आमच्याच गल्लीतले एक मामा आले. ‘‘तू इथं कशी गं?’’ ‘वहिनीसोबत,’ एवढं म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं.

‘‘वहिनीला घेऊन आले, मामा. हाच आजार मलाही आहे. माझ्या गोळ्या लातुरात चालू आहेत.’’

लाज गेलीबिली काही नाही, आजही गल्लीत शिरताना नजर खाली जाते. मामा म्हणाले, ‘‘बरं केलंस,’’ आणि शेजारी बसले.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं काहीबाही सांगून गाव सोडलेल्यांनो, गाव म्हणजे काय ते मला आता एवढंच कळतं. जिथं आता मी मुक्कामाला जाते आणि गोळ्यांचा डबा न लपवता फडताळात उघड्यावर ठेवते, ते.

वहिनी आता झोपते. माझी नोकरी टिकली, उपचार चालू आहेत. आणि दादांना माझ्यासाठी खोटं बोलावं लागत नाही.