वफऱ्याच्या मळ्यातले ससे

त्या शुक्रवारी मी टॉवेलात सुरी गुंडाळायला लागले, तेव्हा आमचे हे हसले. "मळ्यावर चाललीस की कुर्बानीला?" मी म्हटलं, "तुमच्या भावाकडे एक तरी सुरी धड आहे का? मागच्या वेळी टोमॅटो चिरायला घेतला तर त्याची चटणी झाली." इथे कुवेतमध्ये, फरवानियात, माझा डब्यांचा धंदा. रोजचं मटण-चिकन मीच कापते आणि माझी सुरी मी कुणाच्या हातात देत नाही.

दीर वफऱ्याला एका मळ्यावर राखणीला. मालक म्हातारा कुवेती, सगळे त्याला बाबाच म्हणतात. बाबाने नातवंडांसाठी ससे आणले होते. नातवंडं आठ दिवसांत कंटाळली, पण ससे कुठले कंटाळतात! पिंजऱ्याखालून माती उकरून ते जे पसार झाले, ते काकडीच्या शेडखाली बिळं करून राहिले. पिल्लांवर पिल्लं. पाण्याचे पाइप कुरतडून त्यांनी वाट लावली. दिराने ओळखीच्यांना फुकट वाटले, शेवटी शेवटी लोक त्याचा फोन उचलेनात.

बाबाचं डोकं फिरलं. शनिवारी विषवाला बोलावतो म्हणाला. दिराने पूर्वी एकदा विष खाल्लेला उंदीर पाहिला होता, दिवसभर तडफडत होता मेला. आणि हे ससे तर त्याच्या हातचा चारा खाऊन वाढलेले. तो बाबाच्या मागेच लागला. "बाबा, एक जुम्मा दो. सब साफ करेगा, हलाल करेगा, लोग खायेगा." बाबा म्हणाला, "एक भी बाकी, तो शनिवार को जहर. समझा?"

तर असा तो दिवस. नमाज झाली, जेवणं झाली आणि बाबा गाडीतून उतरला तो पेटी घेऊनच. त्यात मित्राकडून मागून आणलेलं, बिळात शिरून सशांना बाहेर हुसकावणारं फेरेट. मुंगसाची गोरी बहीणच जणू! लांबलचक, वळवळी, आणि डोळ्यांत नुसता खोडकरपणा. मला तर बघूनच हसू फुटलं.

आमच्या ह्यांचा जन्म रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा, हातात सुतळी आली की जाळं विणायचं हे रक्तातच. आठवडाभर बसून त्यांनी नायलॉनच्या पिशवीजाळ्या विणल्या होत्या, प्रत्येक बिळाच्या तोंडावर एक. ससा सुसाट बाहेर आला की दोरी ओढली जाऊन पिशवी आपोआप बंद. बाबाला त्या इतक्या आवडल्या की त्याने ह्यांच्या पाठीवर थाप मारली. झालं! आमचे साहेब दिवसभर छाती काढून फिरले.

फेरेट बिळात शिरलं. सगळे चिडीचूप. मी जमिनीला कान लावला तर आत धडधड धडधड! माझं काळीजही तसंच उडत होतं. आणि धप्प! ससा जाळ्यात! मी "आला, आला, धरा!" म्हणून अशी ओरडले की बाबा खुर्चीतून उठून नाचायला लागला. इतकी मजा मला कुवेतमध्ये कधी आली नव्हती, खरंच सांगते.

पण पुढे? दिराने ससा उचलला आणि तो किंचाळला. ससा किंचाळतो हे मला ठाऊकच नव्हतं. लहान लेकरासारखा आवाज. दिराच्या हातातली त्याची ती बोथट सुरी लटलट कापायला लागली.

"थांब!" मी ओरडले. "असल्या हाताने फिरवलीस तर विष परवडलं."

दीर रडवेला झाला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे जाळ्याची गाठ तपासायला लागले. ह्यांनी पापलेटाशिवाय कशावर सुरी चालवलेली नाही, हे मला माहीत नाही होय? वर म्हणतात, "शेजारच्या मळ्यावर कुणी मिळतो का बघून येतो."

तिथे माझं डोकं सणकलं. आमच्या गावी घरात पुरुषमाणूस नसला की आई कोंबडी माझ्या काखेत द्यायची आणि पाखाडीच्या पायऱ्यांवर उभं करायची. जो कुणी बुवा जाईल त्याला सांगायचं, मामू, एवढी कापून द्या. घरात आई, दोन चाची, तिघींच्या हाताला धार. पण कापायला मामू हवा. बायकांना मनाई आहे असं कुणी कधी सांगितलं नाही, रीत नव्हती इतकंच. मी तासन्‌तास उभी राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात बघायचे. काही जण नुसती घिसडघाई करायचे. एक म्हातारा मात्र सुरी पाठीमागे धरायचा, कोंबडीला पाणी पाजायचा, तिच्या डोळ्यांवर हात ठेवायचा. त्याच्या हातची कोंबडी कधी ओरडली नाही.

"कुणी नको," मी म्हटलं. "मी काय मेले आहे?"

टॉवेल सोडून माझी सुरी काढली. बाबाने माझ्याकडे पाहिलं, सुरीच्या धारेकडे पाहिलं आणि म्हणाला, "यल्ला! चलो!"

पाण्याच्या टाकीमागे जागा केली, बाकीच्या सशांना दिसू नये म्हणून. पकडलेल्यांच्या पेटीवर ओलं गोणपाट टाकलं. दिराने मागचे पाय धरायचे आणि हळू हळू बोलत राहायचं, तो आवाज त्यांच्या ओळखीचा. मी घोटभर पाणी पाजलं, डोळ्यांवर तळहात ठेवला, बिस्मिल्ला म्हटलं आणि एकदाच, पूर्ण. अंग पुरतं शांत होईपर्यंत कुणालाही हात लावू दिला नाही. पहिल्यालाही हात हलला नाही, आणि या अल्ला, मला स्वतःचा काय अभिमान वाटला!

मग नुसती धावपळ. तिकडे धप्प, इकडे बिस्मिल्ला. हे जाळ्या लावतायत, बाबा फेरेटला शाबासकी देतोय, मी बाह्या सरसावून ओरडतेय, "घाई करू नका रे, एकेक आणा!" ऊन उतरलं तेव्हा फेरेट सगळ्या बिळांतून रिकामं बाहेर येऊन बाबाच्या मांडीवर झोपलं.

"खलास?" बाबाने विचारलं.

दीर बादली धुवायला गेला. बादलीची कडी वाजली आणि शेडच्या टोकाकडून एक सशाची मादी टुणटुण उड्या मारत आली. करडी, एक कान फाटलेला. पिंजऱ्यातून आलेल्या पहिल्या सशांपैकी ही. संध्याकाळी कडी वाजली की चारा मिळतो, एवढंच तिला ठाऊक. हे जाळं घेऊन पुढे झाले, दिराने हात वर करून त्यांना थांबवलं.

"हिला ठेव रे," माझ्या तोंडून निघून गेलं. "पिंजऱ्यात ठेव."

"पिंजऱ्यातनंच झालं ना सगळं, भाभी. ही राहिली तर उद्या विषवाला येणार. मग हीपण तशीच मरंल." त्याने हात पुढे केला. "सुरी द्या."

मी आधी त्याचा हात बघितला, मग सुरी दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

तो मांडी घालून बसला. सुरी पाठीमागे. हिरव्या चाऱ्याची जुडी पुढे धरली, ती मांडीवर चढून खायला लागली. तिच्याशी बोलत बोलत त्याने तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. बाबा खुर्चीतून उठून उभा राहिला. आणि एवढ्यात झालंही. आवाज नाही, काही नाही. तोंडात चाऱ्याचं पान तसंच अर्धं बाहेर.

"खलास, बाबा," दीर म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "भाभी, घाबरली काय हो ती?"

"नाही रे," मी म्हटलं. "तिला कळलंसुद्धा नाही."

तेव्हा कुठे त्याचा हात कापायला लागला. मी सुरी काढून घेतली आणि त्याच्या शेजारी मातीतच बसले.