बाबांच्या नावाने बाप्तिस्मा

मी मॉर्मन आहे, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचा, असं मराठी माणसाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "मग बायका किती?" ती जुनी चाल पंथाने केव्हाच सोडली. मी म्हणतो, अजून एकही नाही. दुसरा प्रश्न आडून येतो. काय मिळालं? तांदळाची पिशवी, व्हिसा, नोकरी? काही मिळालं नाही. उलट पगारातला दहावा हिस्सा जातो आणि चहा सुटला. घर मुळात बौद्ध, हे कळलं की तिसरा प्रश्न येतच नाही. नुसतं "अच्छा, अच्छा" येतं आणि गाडी क्रिकेटवर जाते. ऑस्ट्रेलियातल्या या डार्विन शहरात मराठी घरं मोजकी, त्यामुळे कोण कसं "अच्छा" म्हणतं ते मला पाठ झालंय.

पण हे लिहायला बसलो तो राग त्यांच्यावरचा नाही. त्यांच्यावर रागवायला मी लहानपणीच शिकलो आणि पुढे कंटाळलोही. हा राग माझ्या स्वतःच्या चर्चमधल्या एका भल्या माणसावरचा आहे. वाईट माणसावरचा राग शिवी देऊन मोकळा करता येतो. भल्या माणसावरचा कुठे ठेवायचा?

बाबा विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामाला होते. कोणत्या गल्लीला कधी नळ येणार ते त्यांच्या हातातल्या लांब लोखंडी चावीवर ठरायचं. ज्या घरांच्या विहिरीजवळ आजोबांना उभं राहू दिलं नव्हतं, त्याच घरांतल्या बायका बाबांना म्हणायच्या, "तुमची कृपा झाली बाप्पा, आज लवकर आलं." बाबा चावी खांद्यावर घेत म्हणायचे, "कृपा नाही ताई, ड्युटी हाये." तो शब्द त्यांना सहन होत नसे. नोकरी लागली तेव्हा गाव म्हणालं, सरकारची कृपा. मला बीएस्सीला प्रवेश मिळाला तेव्हाही तेच. बाबांनी मला समोर बसवलं. "मार्क तुहे हायेत. कोनी कृपा म्हनलं तं तोंडावर नाही म्हनाचं." घरातला पहिला पदवीधर मी. ते नाही म्हणणं मला पदवीच्या आधी शिकवलं गेलं.

बाबा तरुणपणी एकटेच नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. आजोबा शेवटपर्यंत मरीआईचे. घर बाटवलं म्हणून मुलावर धुसफुसत राहिले. ते गेले तेव्हा दहाव्याला सगळे नातेवाईक जमले. बाबा थोरला मुलगा. मुंडण कर, पिंड ठेव, कावळा शिवल्याशिवाय बाप सुटत नाही. बाबा म्हणाले, नाही. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी दीक्षेच्या वेळी घेतली होती आणि ती बापासाठीही मोडली नाही. आजीने पाय धरले तरी नाही. काका कित्येक वर्षं बोलले नाहीत. माझ्या जन्माआधीची ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की मी तिथे होतो असंच मला वाटतं.

बाबा गेले तेव्हा मी मेलबर्नला क्लेटनमध्ये मास्टर्स करत होतो. साथीत सीमा बंद होत्या. त्यांचं शेवटचं मी मोबाइलवर पाहिलं. चुलतभाऊ मोबाइल हातात घेऊन धावपळ करत होता, त्यामुळे बराच वेळ नुसतं आभाळ आणि कुणाच्या तरी चपला दिसल्या. बिल्डिंगमधल्या पोरांनी डबे आणून दिले, त्यांचं मी विसरणार नाही. पण बाबा कसे होते हे कुणी विचारलं नाही. पुढे बाहेर पडायला लागलो तेव्हा ते विचारलं स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या दोन गोऱ्या पोरांनी. पांढरे शर्ट, छातीवर नावाची पट्टी. त्यांनी "कसा आहेस?" म्हटलं आणि मी खरं सांगून टाकलं. कुटुंब मरणाने तुटत नाही, ते म्हणाले. तुझे बाबा तुला भेटतील. मी कसे, कधी, कोणत्या अटीवर, काही विचारलं नाही. मला तेवढंच हवं होतं.

आणखी एक गोष्ट पटली. आमच्या शिकवणीत माणसाने आधी आपल्या हातून होईल तेवढं सगळं करायचं, उरलेलं देवाच्या कृपेने पुरं होतं. ड्युटी आधी, कृपा नंतर. ही कृपा बाबांनाही चालली असती, असं मी स्वतःला सांगितलं. आईला फोनवर भीत भीत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुह्या बापानं त्याच्या बापाले इचारलं होतं काय? मंग मले काहून इचारून राह्यला?" तिच्या बोलण्यात रागही होता आणि परवानगीही. मी दोन्ही घेतलं. माझा विश्वास खरा होता. अजूनही आहे. तो नसता तर हे सगळं सोपं झालं असतं.

डार्विनला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. इथल्या आमच्या चर्चमध्ये टोंगाची, सामोआची माणसं, डिफेन्समधली कुटुंबं, थोडे जुने डार्विनवाले. एकमेकांना सगळे ब्रदर-सिस्टर म्हणतात. त्यात एक रिटायर्ड ब्रदर आहे, पूर्वी डिफेन्समध्ये मेकॅनिक होता. मी आलो त्या आठवड्यात त्याने माझ्या जुन्या गाडीचा एसी दुरुस्त करून दिला आणि पैशाचं नाव काढलं तर म्हणाला, "नो वरीज, मेट." आई व्हिजिटर व्हिसावर आली तेव्हा शनिवारच्या बाजारात तिला तोच घेऊन गेला. तिला कोथिंबिरीची जुडी निवडून दिली. असा माणूस.

आमच्याकडे मेलेल्यांचाही बाप्तिस्मा होतो. मेलेला माणूस पाण्यात उतरू शकत नाही, म्हणून त्याच्या नावाने जिवंत माणूस उतरतो. हे साध्या चर्चमध्ये नाही, टेम्पलमध्ये, म्हणजे आमच्या खास मंदिरातच होतं, डार्विनला टेम्पल नाही, म्हणून वर्षातून एकदा सगळे मिळून विमानाने जातात आणि आपापल्या पूर्वजांची नावं घेऊन जातात. नावं शोधायला मदत करतो तो हाच ब्रदर. बाबांचं नाव, गाव, जन्म हे मी त्याला कधीतरी गप्पांत सांगितलं होतं. रविवारी सभेनंतर त्याने माझ्या हातात एक कार्ड ठेवलं.

"सरप्राइज," तो म्हणाला. "यंदा तूच उतर. मुलगा बापासाठी. याहून सुंदर काय असणार?"

कार्डावर बाबांचं नाव छापलेलं होतं. कार्ड निळं. पुरुषांचं निळं आणि बायकांचं गुलाबी, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या घरात निळ्याचा अर्थ काय, हे त्याला कुणी सांगायचं?

"फक्त तुझ्या आईची परवानगी लागेल," तो म्हणाला. "बायकोला विचारायचा नियम आहे. ती आलीच आहे, विचारून टाकू."

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंद झाला. याच्याशिवाय बाबा आणि मी कायमचे एका कुटुंबात जोडले जात नाही, असं मी मानतो. स्टेशनबाहेर मला जे सांगितलं होतं, त्याची अट ही होती. गाडी सुरू केली तेव्हा मी हसत होतो. घरी पोचेपर्यंत डोकं तापलं. विचारायचं होतं तर छापलं कशाला? छापून झाल्यावर विचारतात ते विचारणं नसतं.

दोन दिवसांनी दुपारी तो आला, हातात आंब्याची पेटी. पावसाआधीचे दिवस होते, बाहेर हवा घामट आणि गच्च. आईने चहा टाकला होता. आम्ही चहा घेत नाही हे तिला माहीत आहे, पण घरात चहा होणार म्हणजे होणार. त्याने हात जोडून नको म्हटलं.

"पाहुना चहाले नाही म्हनते," आई मला म्हणाली, "भांडाले आला काय?"

मी हे त्याला सांगितलं नाही. तो बोलत गेला आणि मी मराठी करत गेलो. किती प्रेमाने बोलला. तुमच्या नवऱ्यासाठी दार उघडायचं आहे. तुमचा मुलगा त्यांच्या नावाने पाण्यात उतरेल. तुम्ही हो म्हणा.

आईने बशी खाली ठेवली. "पान्यात कोन जाईन?"

"मी."

"आन् नाव त्यायचं?"

"हो."

"म्हंजे पिंड."

"पिंड नाही गं आई. हे वेगळं आहे."

"पोरगा बापाच्या नावानं पान्यात उतरते आन् बाप सुटते. वेगळं काय हाये त्यात? कावळा नाही, एवढंच."

 मास्टर्स केलंय, लॅबमध्ये माझ्या सहीने रिपोर्ट जातात, आणि मी आंब्याची पेटी उगाच भिंतीशी सरकवली. ब्रदर विचारू लागला, काय म्हणतायत? मी सांगितलं. तो हसला, अजिबात दुखावला नाही. म्हणाला, त्यांना सांग की यात जबरदस्ती नाही. आपण फक्त देऊ करतो. पलीकडे त्यांना ते नको असेल तर ते नाही म्हणू शकतात.

मी आईला सांगितलं. 

"जनमभर नाहीच म्हनत आला तो मानूस," ती म्हणाली. "गावाले नाही, भावाले नाही, मायले नाही. आता वरतबी तेच करत बसाचं काय त्यानं? थोडं निजू द्या की त्याले." आणि मग, अगदी शेजारणीला वाटी मागावी तशा आवाजात: "असं करा. तुमच्या बापाचं नाव मले द्या. मी गावी गेल्यावर विहारात त्यायले दीक्षा देते. पटली नाही तं तेबी नाही म्हनतीन."

हे मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितलं. खरं म्हणजे मजा घेत सांगितलं.

त्याचे कान लाल झाले. "इट्स नॉट द सेम थिंग," तो म्हणाला.

"का नाही?" आता मी विचारत होतो, आईचं भाषांतर नव्हतं.

"कारण आपल्याकडे अधिकार आहे. तुला माहीत आहे ते."

मला माहीत आहे. मी ते मानतो. रविवारी उभा राहून मीही ते म्हटलेलं आहे. त्याच्या तोंडून माझ्या हॉलमध्ये, माझ्या आईसमोर ऐकलं तेव्हा मात्र मला गावातले सगळे आवाज त्यात ऐकू आले. आमचं तसं नसतं. आमचं वेगळं. तुमच्या भल्यासाठीच सांगतो. हातात नळाची चावी असतानाही बाबांना जे ऐकावं लागलं ते सगळं. कृपा मागून मिळाली, कष्टावर मिळाली, तर मी तिच्यापुढे गुडघे टेकतो, रोज टेकतो. पण माणसाला न विचारता, त्याने जन्मभर जे नाकारलं तेच त्याच्या नावावर करून वर त्याने खूश व्हावं म्हणायचं, याला आमच्याकडे उपकार म्हणतात. उपकारांखाली वाकून चालणारी माणसं मी पाहिली आहेत. माझे आजोबा तसे चालायचे. बाबा चालले नाहीत.

मी त्याला एवढंच म्हटलं, "आई नाही म्हणाली. मीही नाही म्हणतो."

तो उठला. आईला वाकून नमस्कार केला, आंबे आजच पिकतील म्हणून सांगितलं. मी गाडीपर्यंत सोडायला गेलो, कारण तेवढं वळण मला आहे. दार लावता लावता त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस, मेट. घाई कुठे आहे? जन्माला एकशे दहा वर्षं झाली की कुणाचीच परवानगी लागत नाही. तुझे बाबा राहून जाणार नाहीत."

तो मला धीर देत होता. खरंच धीर देत होता. हेच मला आजही सोसत नाही. म्हणजे आईचं नाही तिच्यापुरतं. माझं नाही माझ्यापुरतं. आणि बाबांचं नाही तर धरलेलंच नाही. आम्ही सगळे मेल्यावर कुणीतरी अनोळखी भला माणूस एका सकाळी बाबांचं नाव काढील, पाण्यात उतरेल आणि पुण्य केल्याच्या समाधानात घरी जाऊन जेवेल.

पुढच्या रविवारी मी कार्ड त्याला परत दिलं आणि यादीतून नाव काढायला लावलं, माझ्या डोळ्यांसमोर. त्याने काढलं. "हे मी प्रेमाने केलं होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, माहीत आहे. टेम्पलला गेलो नाही. चर्चला जातो. तो माझ्या मागच्या रांगेत बसतो आणि आम्ही एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणतो. लोकांना वाटतं मी सोडीन. मी कशाला सोडू? माझा धर्म मी निवडला आहे, बाबांनी त्यांचा निवडला तसाच. बाबा मला कुठे भेटतील, भेटतील का, हे आता मला माहीत नाही, आणि देवाला त्याबद्दल मी रोज विचारतो, फार नरम आवाजात नाही.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती आंब्याची कोय चोखत होती. "मंग लिहून ठेव ना," ती म्हणाली. "शिकला कशाले?"

म्हणून हे लिहिलं. माझ्या पोटी पुढे जी कुणी मुलं होतील, त्यांची मुलं, त्यांतला कुणी भाविक असेल तर त्याने असावं, मला आनंदच आहे. पण हे वाचून ठेव. तुझ्या त्या पूर्वजाला विचारून झालेलं आहे. त्याने नाही म्हटलं आहे, स्वतःच्या बापाच्या दहाव्याला, शुद्धीवर, स्वतःच्या तोंडाने. त्याच्या नावाने पाण्यात उतरू नकोस.