परसों म्हणजे केव्हा?

यादम्माचा फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या कोठी बाजारातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी फ्रिजवरून हुज्जत घालत होतो. "सेठ, अम्मा उठ नै रहे..." एवढंच ती म्हणाली. यादम्मा माझ्या शाळेतल्या बाईंच्या घरी कित्येक वर्षं कामाला. मी बरकतपुऱ्याला त्यांच्या घरी पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेल्या, म्हणाले. खाटेशेजारी खुर्ची ओढून बसलो आणि खिशातला फोन वाजला. गीझरच्या कंपनीचा संदेश होता : 'प्रिय ग्राहक, आपल्याकडून प्रतिसाद न आल्यामुळे आपली तक्रार बंद करत आहोत. आमची सेवा कशी वाटली? पाचपैकी तारे द्या.' बाईंच्या तक्रारीचा पाठपुरावा मी करत होतो, म्हणून तिच्यावर नंबर माझा होता. सात आठवडे झाले, तो संदेश मी पुसलेला नाही.

विमलबाई देगलूरकर नारायणगुड्यातल्या आमच्या शाळेत गणित शिकवायच्या. माझं उत्तर बरोबर असलं तरी मार्क कापायच्या. "उत्तर आहे, रीत कुठाय? शेजारच्याच्या वहीत?" दहावीला मी शाळा सोडली, फुटपाथवर टेबलफॅन विकले, आणि घासाघीस करत करत दुकानापर्यंत आलो. आज कोठीत मला सगळे सेठ म्हणतात. बाई मात्र शेवटपर्यंत "अरे दत्ता". मिक्सर, पंखे, फ्रिज, सगळं त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि एकदाही भाव केला नाही. मी चिडायचो. "बाई, थोडं तरी घासा, माझी सवय मोडते." त्या हसायच्या. "तू सांगशील तो भाव खराच असणार, नाही का?" मग मला खरा भाव सांगावा लागायचा.

गीझरही मीच दिला. परदेशी कंपनी, खोक्यावर न्हाऊन निघालेलं हसरं बाळ आणि 'तुमच्या कुटुंबाची सुरक्षा' असे शब्द. दुसऱ्या वर्षी नळाला हात लावला की बाईंच्या बोटांना झिणझिण्या यायला लागल्या. त्यांनी इलेक्ट्रिशियनकडून घरचं अर्थिंग तपासून घेतलं, ते ठीक होतं. दोष टाकीच्या आत होता. श्रावणात त्यांनी कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "मैडम, प्रॉब्लेम कब से है?" जन्म हैदराबादेत गेलेल्या बाई बोलून गेल्या, "परसों से है बेटा, हाथ लगाए तो झिनझिन होता."

त्या एका शब्दावर कंपनीनं बाईंना अडकवलं. वॉरंटी नऊ दिवसांपूर्वी संपली होती. ग्राहक स्वतः सांगतात की दोष परवा सुरू झाला, रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे! मी मोठ्या साहेबांपुढे जाऊन बसलो. म्हटलं, "साहब, हमारे हैदराबाद में परसों बोले तो पिछला महीना भी होता, पिछला साल भी होता." ते हसले. "डिक्शनरी में तो नहीं है." मग म्हणाले, तुमच्या शहराचं पाणी खारट, त्यानं टाकी खराब होते. मी टेबलावर हात आपटला. मग या शहरात विकता कशाला? तुमच्या देशात ग्राहकाला झटका बसला असता तर पाण्याची चव सांगितली असती का?

आरडाओरडा केला, महिनाभर पिच्छा पुरवला आणि सौदा पटवला. मोठा, नवाकोरा गीझर, पाच वर्षांची वॉरंटी. बदल्यात बाईंनी सही करायची, की समाधान झालं आणि याविषयी कुठेही बोलणार नाही. जिंकल्यासारखा कागद घेऊन बरकतपुऱ्याला गेलो.

बाईंनी तो दोनदा वाचला. "मला नवा. बाकीच्यांना?"

"बाकीच्यांशी आपल्याला काय करायचंय, बाई?"

"त्यांच्या नळाला झटका येत नसेल? नावं-पत्ते तुझ्या बिलबुकात असतील. निदान वापरू नका एवढं कळव."

तोवर तशाच आणखी तीन तक्रारी माझ्याकडे आल्या होत्या. मी भडकलो. "यादी बाहेर गेली तर माझी एजन्सी जाईल! तुम्हाला काय, पेन्शन आहे!" यादम्मा स्वयंपाकघरातून धावत आली. बाई शांत होत्या. "दत्ता, आवाज खाली. उत्तर चुकलं की तू वर्गातही असाच ओरडायचास." मी विचारलं, वॉरंटीच्या आतलं लेखी काही आहे का तुमच्याकडे? त्यांनी सही न करताच कागद माझ्याकडे परत सरकवला. "आहे. पण ते दाखवणं माझं काम नव्हे." म्हातारपणचा हट्ट, असं म्हणून मी जिना उतरलो. तीच शेवटची भेट...

तेराव्यानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या न्हाणीघरात गेलो. इतका भांडलो त्या गीझरसाठी, पण तिथं पाऊल टाकलं नव्हतं. स्विचवर चिकटपट्टीनं डकवलेली चिठ्ठी होती. मराठी, उर्दू आणि यादम्मासाठी तेलुगू, तिन्ही लिप्यांत बाईंचं सरळ अक्षर : 'चालू करू नये. पाण्यात करंट येतो.' खाली गुढीपाडव्याची तारीख. आणि फक्त मराठीत एक ओळ : 'आज दत्ताला सांगितलं. परवा माणूस पाठवतो म्हणाला.'

पाडव्याला मी दरवर्षी बाईंच्या पाया पडायला जायचो. त्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, आणि मी तक्रार नोंदवायची विसरलो होतो. पाडवा वॉरंटीच्या चांगला आत होता. साहेबांपुढे टेबल आपटताना मला हे आठवत होतं. बोललो नाही. तक्रार दडवणाऱ्या दुकानदाराची एजन्सी कंपनी काढून घेते. ही चिठ्ठी दाखवली असती तर बाई जिंकल्या असत्या आणि मी बुडालो असतो. चार महिने त्या माझ्या माणसाची वाट पाहत गॅसवर पाणी तापवत राहिल्या.

चिठ्ठी मी काढलेली नाही. फोटो काढून कंपनीला पाठवला, झेरॉक्स काढून बिलबुकातल्या पत्त्यांवर स्वतः वाटतो आहे. एजन्सी का काढू नये, असं विचारणारं पत्र कंपनीनं मात्र लगेच धाडलं. काढू दे.

काल नारायणगुड्यात एका आजींनी दार उघडलं. झेरॉक्स वाचून म्हणाल्या, "हौ, झटका तो मारता. परसों से."

मी पेन काढलं. "परसों बोले तो कब, अम्मा? तारीख बोलो."