मशेरीला चौकट नव्हती

मार्चचा दुसरा मंगळवार, सकाळी दहा. धसईपलीकडच्या आमच्या गावचं समाजमंदिर. हजर: मुंबईहून आलेल्या संशोधक बाई, रक्त काढणारा तंत्रज्ञ, आशा सेविका म्हणून मी, आणि गावातल्या अकरा बायका. त्यांत माझी धाकटी जाऊ.

बाईंनी समजावलं छान. पेशीत मायक्रोआरएनए नावाचे बारीक रेणू असतात. खाचराच्या बांधाला पाण्याची तोंडं असतात ना, बुजवली की पाणी अडतं, तसं कुठल्या जनुकाचं काम अडवायचं ते हे रेणू बघतात. कॅन्सरमध्ये काही भलतेच वाढतात, काही घटतात. हा बिघाड गाठ दिसण्याआधीच रक्तात सापडतो का, हे त्यांना पाहायचं होतं. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण शहरात मिळाले होते. तुलनेला तंबाखू न घेणाऱ्या, निरोगी बायका हव्या होत्या.

फॉर्म मी भरले. तंबाखू खाता का, ओढता का?

"नाय गो," जाऊ म्हणाली.

"तिला दात हायेत कुठं खायाला!" मागून कोणीतरी टोमणा मारला. सगळ्या हसल्या.

जाऊ रोज सकाळी मशेरी लावते. तव्यावर भाजलेली तंबाखू हिरड्यांना घासल्याशिवाय तिचा चहा होत नाही. पण आमच्याकडे ते दात घासणं. तंबाखू पुरुष खातात ती. ती मशेरी लावते हे मला पक्कं माहीत होतं. फॉर्मवर मशेरीला चौकट नव्हती, रांग खोळंबली होती, मी 'नाही'वर खूण केली.

भातकापणीत तिला तिखट सोसेनासं झालं. गालाच्या आत पांढरा चट्टा. मी त्याच दिवशी बाईंना फोन लावून तिच्या रक्ताचं काय निघालं ते विचारलं.

"तो नमुना निरोगी गटात बसत नव्हता," त्या म्हणाल्या. "म्हणून वगळला."

"वगळला? आणि तिला बोलावलं का नाही?"

"संशोधनात एकेकीचा निकाल कळवत नाही, ताई. संमतीपत्रात लिहिलंय. आणि तेवढ्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही."

नसेल म्हणता येत. पण तिचं रक्त इतरांसारखं नाही हे दिसल्यावर तोंड उघडून बघायला सांगायचं, एवढं तरी? एखादीला चौकटीत बसवायचं, नाही बसली की तक्त्यातून पुसायचं! मी फोनवर वाट्टेल ते बोलले. फोन ठेवल्यावर आठवलं, 'नाही'वरची खूण माझी. शेजारच्या घरात राहून तिचं तोंड मीही कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या दहा जणींना मशेरीचं विचारलं. सात जणी लावतात. सातही जणींची तोंडं बॅटरी लावून पाहिली, कोण कोण मशेरी लावतं ते बाईंना लेखी कळवलं. जाऊला मुरबाडला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

"झोडणी होऊंदे, मंग जाऊ," ती म्हणाली.

"झोडणी मी करते. तू चल."

"तू? तुजं भात पाखरंच खातील."

सोमवारी सकाळच्या एसटीला मी चिठ्ठी घेऊन उभी होते. ती मागच्या दाराने खळ्यावर गेली होती. भांडून, ओरडून झालं. तुकडा अजून काढायचा आहे.