आठवी गोळी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी. झालो, पाटोद्याला शिक्षक म्हणून लागलो, लग्न झालं, आणि तिशीच्या आतच कपाळ मागं सरकू लागलं. घरी नुकतंच केबल आलं होतं, त्यातल्या जाहिरातींत मात्र सगळ्यांचे केस दाट.

बीडला कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी त्या काळी नवीच असलेली, रोज एक घ्यायची गोळी लिहून दिली आणि घाई न करता सगळं समजावलं. गुण यायला सहा महिने लागतात, बंद केली की केस पुन्हा गळतात, काही पुरुषांची इच्छा कमी होते. "आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या पोटात ही जाता कामा नये. तुटलेल्या गोळीला तिनं हातही लावायचा नाही. पोटातल्या मुलाच्या वाढीला धोका असतो."

हे घरी कोणत्या तोंडानं सांगणार? मी म्हणालो, "ताकदीच्या गोळ्या आहेत."

सात-आठ महिन्यांत गळती थांबली, पुढं बारीक लव दिसू लागली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं डोकं दाखवायची. बायकोला तेव्हा चौथा महिना होता.

एका सकाळी पाहिलं तर पाकिटातल्या आठ गोळ्या कमी. आई भाकरी थापत होती. तिला विचारलं.

"सुनंला देतेय की रोज एक. तिचे बी केस लई गळायलेत. कावून, तुला कमी पडायल्यात का?"

मी डॉक्टरांचं बोलणं सांगून टाकलं, इच्छेचं तेवढं सोडून. आईचा हात भाकरीवर तसाच थांबला.

बायको आतून टिकल्यांची डबी घेऊन आली. "रागवू नका, आत्याबाई. लोहाच्या गोळीनंच इतकं मळमळतं, ही आणिक कुठं घेऊ? तुमी वळलात की पदराला बांधायची, मग या डबीत टाकायची."

मी मोजल्या. सात, सगळ्या अख्ख्या. पुन्हा मोजल्या.

"आठवी?"

"मला सातच मिळाल्या," बायको म्हणाली.

आई तव्याकडं बघत बोलली, "ती मी खाल्ली, पयल्या दिवशी. सुनंला द्यायच्या आदी आपण खाऊन बघाया नको का?"

एसटीडी बूथवरून डॉक्टरांना फोन केला. ते हसले. एका गोळीनं आईला काही होणार नाही म्हणाले, आणि आता घरी खरं सांगत जा म्हणून बजावलं. म्हणून संध्याकाळी बायकोला इच्छेचं राहिलेलं तेही सांगितलं. तिनं पोटावर हात ठेवला. "तसं काही झालेलं दिसत न्हाई."

गोळ्या शाळेच्या कपाटात गेल्या. पुढं मुलगी झाली, डोकंभर काळेभोर केस घेऊन. बारशाला आई बायकांना सांगत होती, "गोळी मी खाल्ली अन् गुण नातीला आला."